ठकीचे टाके

मास्तरीण लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी तिची सीट, त्या सीटपुढे जादाचा एक ब्रेक, आणि त्या ब्रेकवर दिवसभर अधांतरी धरलेला तिचा पाय. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाच्या अंगात ते मुरणारच. ती जेवायला बसली आणि कुणाच्या हातातला पेला नुसता कलला तरी तिचा पाय टेबलाखाली दाबला जायचा. अण्णा, म्हणजे तिचे वडील, त्यावरून तिची खूप थट्टा करायचे.

घरात ही दोघंच. अण्णांचं सगळं आयुष्य लोकांचे केस कापण्यात आणि दाढ्या करण्यात गेलेलं. दुकान बंद केलं तेव्हा आरसे, कपाटं, पंखे असं सगळं त्यांनी ज्याला हवं त्याला देऊन टाकलं. खुर्ची मात्र घरी आणली. लोखंडी पायाची, मागे कलणारी, लाल रेक्झिनची ती खुर्ची बैठकीच्या खोलीत एखाद्या बड्या पाहुण्यासारखी ठाण मांडून होती. तिच्यावरची धूळ पुसायचीसुद्धा दुसऱ्या कुणाला परवानगी नव्हती.

आणि तिसरी ठकी. एके सकाळी मास्तरणीने गाडीचं बॉनेट उघडलं तर इंजिनाच्या उबेला मांजराचं एक राखाडी पिल्लू बसलेलं. तेलाने माखलेलं. तिने ते टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. "चार दिवस ठेवू, मग कुणाला तरी देऊ," असं ती म्हणाली. अण्णांनी त्याच दिवशी नाव ठेवलं, तेव्हाच खरं तर विषय संपला होता.

ठकी मोठी झाली आणि माजावर आली. लादीवर लोळायची, दाराला अंग घासायची आणि असा गळा काढायची की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन विचारलं, "कुणी आजारी आहे का हो तुमच्याकडे?" जिन्यात बोके मुक्कामाला आले. जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "ऑपरेशन करून टाका. तिचेही हाल वाचतील आणि तुमचेही."

अण्णांना पटलं नाही. "चांगली धडधाकट आहे, कशाला चिरायची तिला?"

"अण्णा, सगळे करतात."

"सगळे करतात म्हणून तिला दुखायचं थांबतं का?"

पण शेवटी मास्तरणीने दिवस ठरवला.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी ती टोपली घेऊन घरी आली तेव्हा दोन्ही हातांनी ती अशी धरली होती, जणू आत काठोकाठ भरलेलं भांडं आहे. डॉक्टरणीचं बोलणं तिच्या कानात घुमत होतं. आज झिंगलेली असेल. उबेला ठेवा. उड्या मारू देऊ नका. आणि ही प्लॅस्टिकची कॉलर गळ्यातून काढायची नाही, म्हणजे नाही. मांजर टाके चाटायला लागलं की उसवल्याशिवाय राहत नाही.

अडगळीची खोली तिने आदल्या दिवशीच रिकामी केली होती. जमिनीवर गादी, गादीवर जुनी चादर, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. टोपलीचं दार उघडलं. ठकी बाहेर आली खरी, पण पुढचे पाय एकीकडे आणि मागचे भलतीकडेच. दोन पावलं टाकली, भिंतीशी जाऊन थांबली आणि भिंतीकडेच बघत बसली. गळ्याभोवती ती कर्ण्यासारखी कॉलर. मग हळूच एका कुशीवर कलंडली. डोळे उघडेच, आणि कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्या बुबुळावर आलेला.

मास्तरीण वाकून बघत राहिली. पोट हलतंय की नाही? हललं. आता? आता नाही हललं.

"अण्णा!" ती ओरडली. "अण्णा, लवकर या, ही श्वास घेत नाहीये!"

अण्णा आले ते हातात दाढीचा छोटा आरसा घेऊन. गुडघे मोडत खाली बसले आणि आरसा ठकीच्या नाकापुढे धरला. काचेवर वाफेचा एक ठिपका उमटला, विरला, पुन्हा उमटला.

"आहे," अण्णा म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या पोटाकडे गेली. गुलाबी कातडी, मधोमध टाक्यांची बारीक ओळ, आणि भोवतीचे केस साफ उडवलेले. "ही हजामत कुणी केलीय? ही बघ खाच. ही दुसरी. शिकाऊ माणसाच्या हातात मशीन दिलेलं दिसतंय."

"अण्णा, तिचा जीव जातोय इथे, आणि तुम्हाला हजामत सुचते?"

"जीव जात नाहीये. आत्ताच बघितला की आरशात."

मास्तरणीला हसूही आलं आणि रडूही. शेवटी ती तिथेच गादीच्या कडेला बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ठकीने अन्नाला तोंड लावलं नाही. पाणीही नाही. मास्तरणीने सगळे क्लास रद्द केले. ती दवाखान्यात फोन करायची, ठेवायची, आणि काहीतरी नवीन आठवून पुन्हा करायची. नाक कोरडं वाटतंय, चालेल का? कान गार आहेत, चालेल का? वाळूच्या ट्रेत अजून काहीच केलेलं नाही, आत काही फाटलं तर नसेल? डॉक्टरीण स्वभावाने शांत. "हिरड्या बघा," ती म्हणाली. "गुलाबी आहेत ना? मग धीर धरा." त्यावर मास्तरणीने दिवसभर त्या बिचारीचे ओठ वर करकरून हिरड्या बघितल्या. ठकीने सगळं सहन केलं, याचीच तिला जास्त भीती वाटली. एरवी कुणी तिच्या तोंडाला हात लावला असता तर रक्त काढलं असतं तिने.

संध्याकाळी अण्णांनी मासा उकडला, काटे काढले, कोमट करून बोटावर घेतला आणि कॉलरच्या आत हात घातला. बराच वेळ काही नाही. मग खरखरीत जिभेचा एक फटकारा. पुन्हा एक. मास्तरीण दाराशी उभी होती. थोड्या वेळाने ट्रेत वाळू उकरल्याचा आवाज आला आणि बापलेक एकमेकांकडे बघून असे खुश झाले, की बाहेरच्या कुणाला ते सांगूनही पटलं नसतं.

पण खाणं सुरू झालं तशी ठकीला तरतरी आली, आणि कॉलरचा जाच सुरू झाला. ती दारातून जायची तर कॉलर चौकटीला आपटायची. वाटीत तोंड घालायची तर वाटीच पुढे सरकायची. स्वतःला चाटायला मान वळवायची आणि जीभ नुसती प्लॅस्टिकवर फिरायची, खर्र खर्र खर्र. तो आवाज अण्णांना ऐकवेना. ते पेपर घेऊन बसायचे, उठायचे, खोलीत डोकावायचे, पुन्हा येऊन बसायचे.

"घटकाभर काढूया का ग?"

"नाही."

"मी समोर बसतो. हात लावू देत नाही टाक्यांना."

"अण्णा, नाही म्हटलं ना! डॉक्टरीण काय म्हणाली ते तुम्ही ऐकलं नाही का?"

अण्णा उठून ठकीच्या खोलीत गेले. त्यांचं असं जाणं तिला खटकलं, पण तेव्हा तिने मनावर घेतलं नाही. क्लास किती दिवस बंद ठेवणार? पाववाल्या काकूंची परीक्षा तोंडावर आली होती.

पाववाल्या काकूंची बेकरी होती. माल पोचवायची गाडी नवरा चालवायचा, पण त्याला आता नीट दिसेनासं झालं, म्हणून पन्नाशी उलटल्यावर काकू शिकायला आल्या. अंगाने भरदार, मनाने भित्र्या. रस्त्यावरच्या प्रत्येक वाहनाशी बोलत गाडी चालवायच्या. "जा बाबा, तू आधी जा. तुला घाई आहे. मला काही घाई नाही." मागून हॉर्न वाजला की गाडी बंद पाडायच्या.

त्या सकाळी मास्तरीण निघताना अण्णांना तीनतीनदा बजावून निघाली. काकू गाडी चालवत होत्या, हिचं निम्मं लक्ष मोबाईलकडे. चौक ओलांडून पुढे गेल्या आणि फोन वाजला.

"ठकी सापडत नाहीये," अण्णांचा आवाज आला.

"सापडत नाही म्हणजे? दार उघडं होतं?"

"दार बंद आहे. खिडक्या बंद आहेत."

"मग कॉलर कुठेतरी अडकली असेल, आवाज येईल की..."

मग अण्णा म्हणाले, "कॉलर माझ्या हातात आहे." आणि जरा थांबून, "लादीवर रक्त आहे ग. थेंब थेंब."

"काकू, गाडी बाजूला घ्या. मी चालवते. घरी जायचंय, लगेच."

काकूंनी गाडी बाजूला घेतली, तिच्याकडे बघितलं आणि जागच्या हलल्या नाहीत. "तुमचे हात बघा."

तिने बघितले. हात लटलट कापत होते.

"मी जितकी वाईट चालवते त्याहून वाईट चालवाल तुम्ही आत्ता," काकू म्हणाल्या. "रस्ता सांगा."

त्या दिवशी काकूंनी गाडी कशी आणली ते मास्तरणीला पुढे कधीच नीट आठवलं नाही. "सरका हो, सरका," काकू काचेच्या आतून सगळ्यांना सांगत होत्या. "मांजराचं ऑपरेशन झालंय, सरका!" ऐकू कुणालाच जात नव्हतं. एका वळणावर चाक फुटपाथला घासलं. मागून हॉर्न वाजले, पण गाडी बंद पडली नाही.

घरात अण्णा हातात ती कॉलर घेऊन बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभे होते. केस विस्कटलेले, गुडघ्यांना धूळ. जमिनीवर रांगून शोधलेलं दिसत होतं. "जेवायला म्हणून काढली," ते म्हणाले. "तिने खाल्लं. मग अंग चाटायला लागली, एवढ्या मनापासून... मी म्हटलं पाठ चाटतेय, चाटू दे. मग पोटाकडे वळली. मी धरायला गेलो तर सटकली."

मास्तरणीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. ते तिने गिळलं. आधी मांजर.

पलंगाखाली, कपाटामागे, ओट्याखाली, धुण्याच्या यंत्रामागे. तिघांनी घर पालथं घातलं. काकू पोटावर पडून टॉर्च मारत होत्या. रक्ताचे ठिपके खोलीच्या अर्ध्यापर्यंत आले होते आणि तिथे संपले होते. मास्तरीण त्या शेवटच्या ठिपक्यापाशी बसली, तेव्हा तिला आवाज आला. जीभ चालवल्याचा. चप चप चप. अगदी जवळून.

"खुर्चीत आहे," ती म्हणाली.

खुर्चीच्या पाठीमागचं रेक्झिन खालच्या कडेला सुटलं होतं. त्या फटीतून ठकी पाठीच्या पोकळीत शिरली होती आणि आत अंधारात बसून स्वतःचे टाके सोडवत होती. मास्तरणीने फटीतून हात घातला. बोटांना शेपटी लागली.

"ओढू नका हो!" काकू ओरडल्या. "ओढलंत तर पोटावर ताण येईल."

हाक मारून झाली, मासा दाखवून झाला. आतला आवाज थांबेना. जेवढा वेळ जाईल तेवढे टाके जाणार होते. मास्तरणीने वर बघितलं तर अण्णा खोलीत नव्हते. ते आतून आले, हातात उघडा वस्तरा.

"अण्णा..."

"रेक्झिन ओढून धर. तुझ्याकडे. आतल्या बाजूला तिचं अंग लागता कामा नये."

तिने दोन्ही हातांनी कड धरून रेक्झिन ताणलं. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला तो हात. पण हल्ली त्याला कंप होता. मास्तरणीला तो दिसत होता. पातं हवेत थरथरत होतं. अण्णांनी डोळे मिटले, श्वास सोडला, पातं टेकवलं आणि खालून वरपर्यंत एका झटक्यात चीर नेली. लाल पाठ उलगडून दोन्हीकडे पडली. जुना कापूस आणि पत्र्याच्या मध्ये ठकी बसली होती. तोंडाला रक्त. तिने तिघांकडे बघितलं आणि फिस्कारली.

मास्तरणीने तिच्यावर टॉवेल टाकला आणि उचललं.

दवाखान्यातही गाडी काकूंनीच नेली. तिथे जागा मिळाली तशी तिरकी लावली आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. मला ही आता काढता येणार नाही आणि कुणी काढायला सांगितलं तर भांडावं लागेल, म्हणून मी इथेच बसते."

डॉक्टरणीने टॉवेल बाजूला करून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. बोटाने चाचपलं. "वरचे टाके गेलेत. आतला थर शाबूत वाटतोय, पण उघडून खात्री करते. बाहेर थांबा." आणि दार बंद झालं.

बाकावर बापलेक शेजारी शेजारी बसले. समोर एका कुत्र्याचा मालक कुत्र्याला थोपटत होता. त्या थोपटण्याचाच काय तो आवाज. वाटतोय म्हणजे? शाबूत वाटतोय म्हणजे काय? मास्तरणीचा पाय जमिनीवर दाबला जात होता. शेवटी तिला राहवलं नाही.

"का काढलीत अण्णा? मी एवढं सांगून गेले होते."

अण्णांनी आपल्या हातांकडे बघितलं. "माझ्याही हातांना असंच घातलं होतं," ते म्हणाले. "पिशव्या, बोटांनी काही धरता येऊ नये म्हणून. आणि पट्ट्यांनी पलंगाला बांधलं होतं."

अण्णांचं मोठं ऑपरेशन झालं होतं त्याला आता बरीच वर्षं झाली. भूल उतरताना ते भ्रमात होते, नळ्या उपसून काढत होते. नर्सने विचारलं होतं, बांधू का? आणि ती म्हणाली होती, बांधा. अण्णांना त्यातलं काही आठवत नाही, अशी तिची समजूत होती.

"तुम्हाला आठवतं?"

"नाक खाजत होतं," अण्णा म्हणाले. "बाकी दुखणं काही नाही आठवत. नाक खाजत होतं आणि हात वर येत नव्हता. तू दारात उभी होतीस. मला वाटलं, ही सोडवेल. मग तू गेलीस."

"अण्णा, बांधलं नसतं तर तुम्ही..."

"माहीत आहे ग. बांधलं नसतं तर मी आज इथे बसलो नसतो. म्हणून तर कधी बोललो नाही. पण ती अशी मान वळवायची ना, आणि जीभ नुसती प्लॅस्टिकवर..." त्यांनी हाताने तसं करून दाखवलं आणि हात मांडीवर पडला. "मरायची ती माझ्यामुळे."

"मी निघून गेले नव्हते," मास्तरीण म्हणाली. "भिंतीच्या पलीकडे उभी होते. बघवत नव्हतं म्हणून."

अण्णांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नुसतं ऐकलं, तिला कळलं नाही.

दार उघडलं. "आत सगळं ठीक आहे," डॉक्टरीण म्हणाली. "वरचेच टाके पुन्हा घालायचे आहेत. पूर्ण भूल देत नाही, जागा बधिर केलीय. पण ती फार धडपडतेय. धरायला कुणी तरी या."

मास्तरीण उठली. अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "ते काम माझं," ते म्हणाले. "न हलता बसवायचं काम."

दाराच्या फटीतून तिला त्यांचा आवाज येत होता. खुर्चीत रडणाऱ्या पोरांना ते दुकानात जसे बोलायचे तसा. "झालंच हं. एवढंच राहिलं. मान खाली. शहाणी आहेस. बघ, झालंच." ठकी एकदा गुरगुरली, मग नाही.

पुढचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. डॉक्टरणीने प्लॅस्टिकऐवजी मऊ कापडी कॉलर दिली. समोर कुणी बसलेलं असेल तर जेवणापुरती काढायची मुभाही दिली. अण्णा राखणीला बसायचे, डोळ्यांत तेल घालून. मास्तरीण दुपारी क्लास सोडून घरी यायची. तिच्या हाताला टाक्याशेजारी एक दिवस वाटाण्याएवढी गाठ लागली आणि पुन्हा सगळं घर डोक्यावर घेतलं गेलं. डॉक्टरीण म्हणाली, आतला धागा विरघळताना असं होतं, जाईल. मास्तरणीने सकाळ-संध्याकाळ ती गाठ चाचपली. वाढली का? नाही. कमी झाली का? तसंही नाही.

त्या दिवसांत दुपारी गादीच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला अण्णा बसायचे, मध्ये ठकी. एक दिवस तिने विचारलं, "अजून काय काय आठवतं तिथलं?" अण्णांनी थोडं थोडं सांगितलं. छतावरचा डाग. शेजारच्या पलंगावरचा माणूस, जो झोपेत हिशेब करायचा. रात्रपाळीची एक नर्स, जिने न सांगता त्यांचं नाक खाजवलं होतं. तिने ऐकून घेतलं.

टाके काढायचा दिवस आला. काकू परीक्षा पास झाल्या होत्या. त्यांनी आपणहून बेकरीची गाडी आणली, आणि ठकी पावांच्या वासात बसून दवाखान्यात गेली. डॉक्टरणीने टाके काढले, पोट दाबून बघितलं, गाठ बघितली. होती तिच्या निम्मीही उरली नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "आता विसरा."

"म्हणजे काहीच नाही बघायचं?" मास्तरणीने विचारलं. "हिरड्यासुद्धा?"

"हिरड्यासुद्धा नाही."

घरी येऊन टोपली उघडली. ठकी बाहेर आली, कुणाकडेही न बघता स्वयंपाकघरात गेली आणि वाटीपाशी बसून ओरडायला लागली. अण्णा मासा काढायला उठले. मास्तरीण अडगळीच्या खोलीत गादी गुंडाळायला म्हणून गेली. गादीवर टेकली, बूट न काढताच जरा आडवी झाली, आणि तिथेच तिला झोप लागली. अण्णांनी येऊन बघितलं. तिचे दोन्ही पाय सैल पडले होते.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. अण्णांनी तो घाईघाईने उचलला आणि दार ओढून घेत बाहेर आले.

"मास्तरीणबाई आहेत का?" कुणी शिकणारा विचारत होता. "माझा आत्ता क्लास होता."

"झोपली आहे ती," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "गाडी उद्या शिका."